एअरपोर्टजवळ प्लॉट घेताय? आधी विमानाचा आवाज कुठून जातो ते बघा

बडनेऱ्याहून यवतमाळ रोडला लागलं की आजकाल शेताच्या धुऱ्यावर लेआउटचे बोर्ड दिसतात अन् त्यांचं म्हणणं एकच, एअरपोर्टपासून पाच मिनिटं. अमरावतीचा बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, मुंबईचं विमान यायला लागलं, चांगलंच झालं, विमान कोणाला नको आहे. पण ती पाच मिनिटं कोणत्या बाजूला हे बोर्डवर कधीच लिहिलेलं नसतं. रनवेच्या कडेला की रनवेच्या तोंडासमोर? पैसे भरायच्या आधी विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, भाव नंतर विचारा.

लँडिंगला येणारं मोठं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं. हिशोब लावला तर रनवेच्या टोकापासून १० किलोमीटरवर ते साडेपाचशे मीटरच्या आसपास असतं, ५ किलोमीटरवर पावणेतीनशे अन् २ किलोमीटरवर फक्त १२० मीटर उंच. आता दोन प्लॉट धरा, दोन्ही विमानतळापासून २ किलोमीटरच, एक रनवेच्या सरळ रेषेत अन् दुसरा काटकोनात बाजूला. पहिल्याच्या डोक्यावरून विमान १२० मीटरवरून जातं, दुसऱ्याला ते कमीत कमी २ किलोमीटर लांबून ऐकू येतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, अन् १२० चे २४०, ४८०, ९६०, १९२० असं चार वेळा दुप्पट झालं म्हणजे २४ डेसिबल कमी. डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही, दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते पण कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणून २४ डेसिबल म्हणजे ऊर्जेत अडीचशे पटीचा फरक अन् कानाला पाचपट. दोन्ही प्लॉटचा भाव मात्र बहुतेक सारखाच लागतो.

त्यात विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं अन् वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, हिवाळ्यात उत्तर-ईशान्येकडून, त्यामुळे ऋतू बदलला की रनवेचं वापरायचं टोकही बदलू शकतं. म्हणजे दिवाळीच्या सुटीत जाऊन एक संध्याकाळ उभं राहून आलात अन् "काहीच तर आवाज नाही बाप्पा" म्हणालात तर त्यातून फारसं काही कळत नाही.

वातावरणाचा खेळ तर याहून मजेदार आहे. थंडीच्या रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवा थंड अन् वरची हवा त्यामानाने उबदार. गरम हवेत आवाज जोरात पळतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर जास्त, अन् वेगातल्या या फरकामुळे लाट थंड हवेकडे वळते, म्हणजे खाली, जमिनीकडे. वर निसटून जायचा तो आवाज वळून परत गावात उतरतो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे लांबच्या धावपट्टीवरची घरघर खणखणीत ऐकू येते, अन् मे महिन्याच्या दुपारी उलटं, जमीन तापलेली, लाट वर वळते, तेच विमान तेवढ्याच अंतरावर असून कानावर पडत नाही. हे लांबून आडव्या येणाऱ्या आवाजाला लागू आहे हां, डोक्यावरून जाणाऱ्याला वळायला जागाच नसते. वरून आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रभर कूलर घरघरत असतो, त्यात विमान बुडून जातं. हिवाळ्यात कूलर बंद, पंखा बंद, कुत्रं भुंकलं तरी जाग येते.

पण उन्हाळा अगदीच निर्दोष नाही. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, मे महिन्यात पारा ४५ ला गेला की हवा एवढी विरळ होते की विमानाच्या लेखी ते जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर असतं, आपल्या चिखलदऱ्यापेक्षाही वर. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनचा जोर घटतो, विमान जास्त धावतं अन् चढतं हळू. रनवेच्या पुढच्या गावावरून ते कमी उंचीवरून जातं. अन् स्लॅबवर खाट टाकून झोपायचे दिवस तेच.

आता मशीनकडे येऊ, कारण इथे खरंच प्रगती झाली आहे. १९५२ मध्ये जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने दाखवलं की जेटच्या झोताचा आवाज त्या झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग अर्धा केला तर आवाजाची ताकद २५६ पटीने कमी! जुन्या इंजिनात थोडी हवा भयंकर वेगाने मागे फेकली जायची, नव्या इंजिनात पुढचा पंखा भलामोठा करून भरपूर हवा हळू फेकतात, जोर तेवढाच पण कल्ला कमी. नागपूरला उतरणाऱ्या एअरबस ए-३२० निओला अशी इंजिनं आहेत, त्यात इंजिनच्या गाभ्यातून, म्हणजे जिथे इंधन जळतं तिथून, जाणाऱ्या हवेच्या अकरा-बारा पट हवा गाभ्याच्या बाहेरून जाते.

इंजिन शांत झालं तर मग दुसरेच आवाज उघडे पडले. लँडिंगच्या वेळी इंजिन मंद असतं, तेव्हा ऐकू येते ती हवा, चाकांच्या खटाल्यात अन् पंखाच्या फ्लॅपमध्ये, म्हणजे मागे खाली वळणाऱ्या पट्ट्यांमध्ये, अडकून फाटणारी. ए-३२० जातीच्या जुन्या विमानांची एक बारीक शिट्टी असते, पंखाखाली इंधनाच्या टाकीचा दाब सोडायला गोल खाचा आहेत, त्यांच्यावरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं वाजतं. लुफ्तान्साने २०१४ पासून त्या खाचांच्या पुढे छोटीशी धातूची पट्टी लावायला सुरुवात केली अन् शिट्टी गेली. बोटभर पट्टीने गेलेला आवाज, मला तर हा किस्सा फार आवडतो.

बेलोऱ्याला येणारं एटीआर-७२ मात्र जेट नाही, पंख्याचं आहे. त्याच्या पंख्याला ६ पाती, टेकऑफला मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा पातं हवा कापतं अन् १२० हर्ट्झचा भरदार घुमारा निघतो. एवढ्या खालच्या स्वराची लाट जवळपास तीन मीटर लांबीची असते, ती खिडकी-दरवाजाला जुमानत नाही, अन् टिनाचं छत असलं तर तेच सोबत थरथरायला लागतं.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ अन् रात्री ४५ डेसिबल. विमानतळासाठी केंद्राने २०१८ मध्ये वेगळी मर्यादा आणली, वर्षाला ५० हजारांवर विमानांची ये-जा असेल तर दिवसा ७० रात्री ६५, बाकीच्यांना दिवसा ६५ रात्री ६०. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी त्याच वर्षी विमानाच्या आवाजाला दिवसरात्र मिळून ४५ अन् रात्री ४० ची शिफारस केली. अंतर तुम्हीच बघा.

अन् हे सगळे आकडे सरासरीचे, इथेच खरी गोम आहे राजेहो. समजा एक विमान डोक्यावरून गेलं अन् त्याचा पूर्ण आवाज एका सेकंदात गोळा केला तर ८५ डेसिबल भरला. तो २४ तासांवर पसरवला की सरासरी येते ३५.६, कागदावर एकदम शांत गाव. अशी दहा विमानं गेली तर ४५.६, शंभर गेली तर ५५.६. ज्याची झोप रात्री तीन वाजता मोडली त्याला या सरासरीचं काय करायचं? म्हणून बऱ्याच देशांत रात्रीच्या विमानाला हिशोबात १० डेसिबल वाढवून धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं मोजतात. जर्मनीत फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेली उड्डाणं बंद आहेत, सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६. आपल्या नागपूरची गोष्ट उलटी, १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून मध्यरात्री नागपूरलाच भेटायची अन् थैल्या बदलून परत उडायची. तेव्हा सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ आहे ती जागा, शहराबाहेर होतं म्हणून चाललं. आता सोनेगावच्या चहूबाजूंनी शहर आहे.

मुलांचं सांगतो, कारण हा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला अन् दुसरीकडे नवा सुरू झाला, तर संशोधकांनी दोन्हीकडची शाळकरी पोरं आधीपासून तपासून ठेवली होती. नव्या विमानतळाजवळच्या पोरांची वाचनाची अन् लक्षात ठेवायची क्षमता घसरली, जुन्याजवळच्यांची सुधारली. पुढे लंडन, ॲमस्टरडॅम अन् माद्रिदच्या विमानतळांजवळच्या शाळांत मोठा अभ्यास झाला, २००५ मध्ये छापून आला, त्यातही जिथे विमानाचा आवाज जास्त तिथे मुलांचं वाचन मागे. त्यामुळे रनवेच्या रेषेत जिल्हा परिषदेची शाळा असेल तर नव्या वर्गखोल्यांचं इस्टिमेट करतानाच जाड स्लॅब अन् घट्ट बसणाऱ्या खिडक्या त्यात लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये आवाज आटोक्यात ठेवायचे चार रस्ते ठरवले. विमानच शांत करा, जमिनीचा वापर नीट आखा, उडवायची-उतरवायची पद्धत बदला, अन् एवढ्यानेही भागलं नाही तर उड्डाणांवर बंधनं घाला. पहिला अन् तिसरा कंपन्यांच्या अन् पायलटच्या हातात. आपल्या गावाच्या हातात दुसरा, अन् सगळ्यात स्वस्तही तोच, पण फक्त घरं उठायच्या आधी. रनवेच्या रेषेत गोडाऊन, जिनिंग, कोल्ड स्टोरेज, संत्र्याची बाग काहीही चालतं, संत्र्याला झोप लागत नाही. घरं, शाळा, दवाखाना तेवढा बाजूला सरकवायचा. पण होतं काय की लेआउटवाला विमानतळाची एनओसी दाखवतो अन् घेणारा निश्चिंत होतो. ती एनओसी बांधकामाच्या उंचीची असते, विमानाला धडकू नये म्हणून, तिचा आवाजाशी काही संबंध नाही.

झाडं लावू म्हणणारे पण भेटतात. लावा ना, सावली मिळेल. पण कडुनिंबाच्या एका रांगेने आवाज अडत नाही, अन् वरून येणारा तर मुळीच नाही. जमिनीलगतच्या आवाजाला मात्र एक भारी उपाय सापडला अन् तो शेतातून निघाला. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाला नवी धावपट्टी झाली, २००३ मध्ये, विमानं धावताना निघणारी खालच्या स्वराची गुरगुर सपाट रानावरून गावात पोचायला लागली अन् लोकं वैतागले. मग लक्षात आलं की शेजारची शेतं नांगरली की गुरगुर कमी होते! सऱ्या-वरंब्यांवर लाट आपटून विखुरते. त्यावरून त्यांनी २०१३ मध्ये तिथे अख्खं पार्कच केलं, मातीचे दीडशेच्या आसपास वरंबे, माणसाहून उंच. आपल्या काळ्या मातीत असे वरंबे पावसाळ्यात टिकतील का हे बघावं लागेल, पण विमानतळाच्या हद्दीत मोकळी जागा भरपूर असते, करून बघायला हरकत नाही.

आधीच घर असेल तर आवाज शिरायच्या जागा बघा. खिडकी उघडी असली तर भिंत कितीही जाड असो, आत-बाहेरचा फरक १० ते १५ डेसिबलच पडतो. आपल्याकडे खिडकीत कूलर बसवतात, तो हिवाळ्यातही तसाच राहतो, म्हणजे भिंतीला दोन बाय दोनचं भोक. कूलर काढून तिथे फळी घट्ट बसवली तरी झोपायच्या खोलीत फरक कळतो. टिनाखाली जाड सिलिंग अन् मधल्या फटीत काचलोकर किंवा तसं काही भरलं तर आवाजही कमी अन् ऊनही कमी.

प्रवासी विमानांपेक्षा पुढच्या काळात जास्त विषय होणार तो शिकाऊ विमानांचा. गोंदियाच्या बिरसीला पायलट ट्रेनिंग चालतं, अन् बेलोऱ्याला एअर इंडियाने २०२४ मध्ये ३४ विमानांची शाळा जाहीर केली. ही विमानं लहान, एकेकटं विमान एटीआरहून शांत, पण शिकणारा पोरगा उतरतो, चाकं टेकवतो, लगेच परत उडतो, गोल फेरा मारून परत येतो, अन् तेही साधारण हजार फुटांवरून त्याच त्या गावांवरून, शांत हवा मिळावी म्हणून सकाळी सकाळी. त्रास होतो तो या पुन्हापुन्हाचा. जर्मनीत काही छोट्या विमानतळांवर दुपारच्या विश्रांतीच्या वेळी अन् वीकेंडला अशा फेऱ्यांना बंधनं आहेत, कमी आवाजाच्या विमानांना सूट. आपल्याकडेही ग्रामसभेला लेखी विचारता येतं की फेरा रनवेच्या कोणत्या बाजूने ठेवणार, बाजू आलटून-पालटून बदलणार का, सकाळी किती वाजता सुरू, दहावी-बारावीच्या पेपरच्या दिवसांत काय. तक्रार करताना "लय आवाज होते" एवढंच न लिहिता तारीख, वेळ, विमान कुठून कुठे गेलं हे लिहा, विमान कोणतं होतं ते त्यावरून काढता येतं. मोबाईलच्या ॲपचा डेसिबलचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, पण रोज त्याच फोनने त्याच जागी मोजला तर वाढ-घट कळायला तो पुरतो.