हा कागद कोणत्या रुमालातला?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मला एक हार्ड डिस्क दाखवली गेली. आत मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे हजारो स्कॅन होते. छान स्वच्छ, चारही कडा दिसणारे. फाइलींची नावं मात्र कॅमेऱ्याने दिलेलीच राहिली होती, नुसते क्रमांक. कोणता कागद कोणत्या रुमालातला, पाठीवरचा मजकूर कोणत्या पानाचा, एका घराण्याचे कागद कुठे संपतात आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होतात, याची नोंद कुठेच नव्हती. फोटो काढणारी मुलं काम संपवून गेली होती आणि रुमाल पुन्हा बांधून कपाटात ठेवले होते. सगळं काम परत करणं भाग होतं. दीड-दोनशे वर्षांचा कागद दुसऱ्यांदा उलगडला की घडीवर आणखी थोडा तुटतो. तो तुटताना पाहिला आहे म्हणून हे लिहितो आहे.

दफ्तरखान्यात रुमाल म्हणतात तो जाड कापडाचा मोठा चौकोनी तुकडा. कागदांचा गठ्ठा मधे ठेवायचा, चारही टोकं वर घ्यायची आणि गाठ मारायची. या गाठीत नुसते कागद बांधलेले नसतात, त्यांचा एकमेकांशी असलेला संबंधही बांधलेला असतो. तो संबंध तुटण्याचं दुखणं संगणकाच्या आधीपासूनचं आहे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. इतिहास लिहावा म्हणून त्यांनी ते जपलं नाही. त्यांना कळायला हवं होतं की कोणती जमीन इनाम, कोणाला कोणती सनद, कोणाचा हक्क खरा. १८५२च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला जोर आला, तेव्हा पुरावा देता न आलेल्या कित्येकांची इनामं खालसा झाली. आज जिथे पुण्याचं पुराभिलेखागार आहे त्या दगडी इमारतीला जुने लोक ‘एलिएनेशन ऑफिस’ (एलिएनेशन म्हणजे सारा सोडून इनाम दिलेली जमीन) म्हणायचे ते याच कारभारामुळे. त्या काळाची भीती अजून घराघरात आहे. एखाद्या देशपांड्यांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या वाड्यात जुनी पेटी उघडायची गोष्ट निघाली की घरातलं वडीलधारं माणूस आधी विचारतं, “कागद परत मिळतील ना?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे चार-पाच पिढ्यांचा अनुभव आहे. प्रकल्प आखणाऱ्याने त्याचं लेखी उत्तर पहिल्या भेटीतच द्यावं.

सरकारी दफ्तर अभ्यासकांना जवळजवळ बंद होतं, म्हणून मराठी माणसांनी खासगी दफ्तरांकडे मोर्चा वळवला. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू झालं आणि बखरी, पत्रं, यादी छापून वाचकांच्या हाती पडू लागल्या. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांचे कागद वाचत बसले. १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे त्याचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाणारे कागद वाचवून हे काम झालं. त्याला तोड नाही, आणि त्यातल्या उणिवा सांगतानाही मला संकोच वाटतो.

पण सांगायला हव्यात. छापील खंडात कागदाला लेखांक मिळाला, मथळा मिळाला, तारीख मिळाली. मूळ गठ्ठ्यातला त्याचा शेजार मात्र छापला गेला नाही. योगायोग असा की त्याच १८९८ साली हॉलंडमध्ये मुलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघांनी दफ्तरं लावण्याच्या पद्धतीवर एक पुस्तिका काढली. तिचा गाभा एवढाच होता की कागद ज्या कचेरीत, ज्या क्रमाने तयार झाले तो क्रम मोडू नये. जगभरच्या अभिलेखागारांनी हे तत्त्व उचललं. आपल्याकडे तेव्हा निकड वेगळी होती. कागद वाळवीच्या तोंडून काढून छापखान्यात पोचवणं हेच मोठं काम होतं.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई पेशवे दफ्तरात बसले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर आले. इतिहासकार जदुनाथ सरकारांचा त्यामागे आग्रह होता. ‘निवडक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. लढाया, मसलती, कारस्थानं यांची पत्रं आधी निवडली गेली, कारण तेव्हाचा इतिहास राजकारणाचा होता. रोजकीर्दी म्हणजे रोजचे जमाखर्च, प्रांतांचे अजमास म्हणजे अंदाजपत्रकं, पागा-पथकांचे हिशेब बहुतांशी रुमालातच राहिले. पुढच्या पिढ्यांना शेती, बलुतेदारी, बाजारभाव यांवर प्रश्न पडले तेव्हा त्यांना परत रुमालच सोडावे लागले. स्कॅन करताना ‘महत्त्वाचे कागद आधी’ असं ठरवलं जातं, तेव्हा मला हे आठवतं. आजचं महत्त्व आजच्यापुरतं असतं. रुमाल घ्यावा तर सबंध घ्यावा.

शेजार इतका मोलाचा का, हे तारखेवरून चांगलं दिसतं. मोडी पत्रात पुष्कळदा ‘छ ७ जमादिलाखर’ एवढंच असतं. छ म्हणजे चंद्र, त्या मुसलमानी महिन्याची तिथी. साल नसतंच, कारण ज्याला पत्र गेलं त्याला ते ठाऊक होतं. साल असलंच तर अरबी शब्दांत असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हा सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली अरबी नावांची वर्षगणना, मृगाला, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, बदलतो. त्यामुळे पानिपत (१४ जानेवारी १७६१) आणि नानासाहेब पेशव्यांचं निधन (२३ जून १७६१) इसवी सनाच्या एकाच वर्षात येत असली, तरी सुहूर सनात पहिलं इहिदे सितैनमध्ये पडतं आणि दुसरं इसन्ने सितैनमध्ये, म्हणजे ११६२त. आता संगणकावरच्या नोंदीचा तक्ता पाहा. त्यात तारखेचा एकच रकाना असतो आणि त्याला दिवस, महिना, वर्ष असं सरळ काहीतरी हवं असतं. नोंद करणारा घाईत अंदाजाने १७६१ भरतो आणि पुढे प्रत्येक शोधात तो अंदाज खरा म्हणून उमटत राहतो. म्हणून दोन रकाने हवेत. एकात कागदावर आहे तसं अक्षरशः, दुसऱ्यात संपादकाने काढलेली तारीख आणि ती कशावरून काढली ते. आणि ती बहुधा शेजारच्या कागदावरूनच काढावी लागते. याच पत्राचं उत्तर, त्याच स्वारीचा खर्च, त्याच कारकुनाची यादी. रुमालाचा क्रम हरवला की हा आधारही गेला.

मोडीची आणखी एक अडचण होती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक संकेतात, ही लिपी आली ती २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. तोवर मोडी मजकूर संगणकात मोडी अक्षरं म्हणून सर्वमान्य पद्धतीने साठवताच येत नव्हता. एकतर चित्र ठेवायचं, नाहीतर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचं. लेखनिक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं तिला लटकवत जातो. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. यंत्राला हे शिकवण्याचे प्रयत्न आता जोरात आहेत. २०२५ साली आयआयटी रुडकीने मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल जाहीर केलं. मला त्याचा आनंदच आहे. पण यंत्राने वाचलेलं तपासायला मोडी जाणणारा माणूस लागतो, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याला, सर्व्हरला पैसे असतात, त्या माणसाला मानधन म्हणून उरलंसुरलं. हे उलटं व्हायला हवं.

सरकारी पातळीवर २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं, २०१५ साली राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ खुलं झालं. या दोन्हींच्या मधे, ५ जानेवारी २००४ रोजी, जुन्या पोथ्या जपणाऱ्या पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पोथ्या जमिनीवर विखुरलेल्या त्या छायाचित्रांनी कित्येकांना पहिल्यांदा पटलं की एकाच जागी असलेली एकच प्रत किती अधांतरी असते.

मात्र प्रत संगणकात आहे म्हणजे ती टिकली, असंही समजू नये. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ या जमीन-मोजणीच्या वहीला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली तिची नवी आवृत्ती लेसर डिस्कवर काढली. देशभरातल्या शाळांनी, गावकऱ्यांनी त्यात माहिती भरली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि आतला मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना वेगळा प्रकल्प चालवावा लागला. मूळ वही लंडनमध्ये क्यू इथे आहे आणि आजही वाचता येते. आपल्या रुमालातली काजळाची शाई आणि हातकागदही तसेच, अडीचशे वर्षांनी वाचता येतात. डिजिटल प्रतीला मात्र दर काही वर्षांनी नव्या घरी हलवावं लागतं. त्यासाठी पैसा, माणूस आणि नोंदवही तिन्ही लागतात. अनुदान तीन वर्षांचं असेल तर चौथ्या वर्षी हे कोण करणार, हे अर्ज भरतानाच लिहून ठेवलं पाहिजे.

मी पाहिलेल्या चांगल्या कामांत एक साधी रीत होती. रुमाल सोडला की कॅमेऱ्याखाली आधी एक चिठ्ठी ठेवायची. दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, तारीख, सोडणाऱ्याचं नाव. मग बांधलेल्या गठ्ठ्याचा फोटो, मग सोडलेल्या गठ्ठ्याचा, मग पहिला कागद, त्याची पाठ, दुसरा कागद, त्याची पाठ. कोरी पाठसुद्धा. शेजारी मोडी वाचणारे एक वयस्कर गृहस्थ पाटावर बसलेले असत. प्रत्येक कागदाची पहिली ओळ ते मोठ्याने वाचत आणि समोरची मुलगी ती टंकत जाई. दिवसाला फार कागद होत नसत. पण संध्याकाळी रुमाल बांधताना कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत जात, आणि गाठ मारण्याआधी ते गृहस्थ चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचून घेत.