आंबा घाट की आंबोली घाट? सोलापूरहून कॅम्पर व्हॅन घेऊन निघताय तर आधी हे बघा

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोन घरं मिळून कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली होती, ती टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली असते ना, आत झोपायला बर्थ, छोटं किचन, टॉयलेट वगैरे. ठरलं आंबोलीचं. मुक्कामाची जागा बघायचं काम मेव्हण्याकडं. मिरज मागं पडल्यावर ड्रायव्हर म्हणाला, दादा आंबोली म्हणजे निपाणीवरून वळायचं ना, तर मेव्हणा म्हणतो नाही ओ, मलकापूरवरून. झालं! बुकिंग आंबा घाटाचं होतं आणि अख्खं खानदान आंबोली आंबोली करत निघालेलं.

हा घोळ आपल्याकडं लई जणांचा होतो कारण सोलापूरकराला घाट म्हणजे तुळजापूरचा, बाकी सगळं सपाट, मग कोल्हापूरच्या पुढचे सगळे घाट एकच वाटतात. तर आंबा घाट म्हणजे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा, वर शाहूवाडी तालुक्यातलं आंबा गाव आणि खाली उतरलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं साखरपा. आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, खाली उतरलं की सावंतवाडी आणि तिथून गोवा हाकेच्या अंतरावर. एका ठिकाणी चुकून पोचलात आणि दुसरीकडं जायचं म्हणलं तर अर्धा दिवस गेलाच समजा. (अजून एक आंबेनळी घाट आहे, तो महाबळेश्वर-पोलादपूरचा, त्याला यात ओढू नका.)

सोलापूरवरून सोपा कुठला म्हणाल तर आंबा, डोळे झाकून. राष्ट्रीय महामार्ग १६६ हा सोलापूरहूनच सुटतो, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा करत थेट रत्नागिरी, म्हणजे घरातून निघाल्यापासून समुद्रापर्यंत एकच नंबरचा रस्ता. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याची डाळिंबं, मिरजेपासून ऊस, आणि वाघबीळवरून पन्हाळ्याचा फाटा गेला की हळूहळू झाडी सुरू, एवढा बदल खिडकीतून दिसतो की पोरं मोबाईल ठेवतात. पण हा मालवाहतुकीचाही रस्ता आहे. घाटात ट्रक पुढं लागला की त्याच्याच मागं जायचं, आणि दरी बघायला कुठंही थांबू असं म्हणून जमत नाही कारण मोठी गाडी बाजूला घ्यायला जागा मोजकी. म्हणून आंबा घाट हा गाडी चालवत बघायचा रस्ता आहे आणि थांबायचं ते वर आंबा गावात. पावनखिंड, विशाळगड तिथूनच करतात, पण व्हॅन गावात लावून छोट्या गाडीनं जा. पावसात मात्र बातम्या बघितल्याशिवाय निघू नका, जुलै २०२१ च्या पावसात इथं दरडी कोसळून घाट बंद पडला होता.

आंबोलीचं गणित उलटं. रस्ता थोडा वाकडा, पण पोचल्यावर हलावंसं वाटत नाही. साधारण ७०० मीटर उंचीवर गाव आहे आणि पाऊस एवढा की काही वर्षी ७००० मिलिमीटरच्या पुढं जातो, आपल्याकडं वर्षभरात ५००-६०० झाला तरी चांगलं वर्ष म्हणतो, म्हणजे आपला दहा-बारा वर्षांचा पाऊस तिथं एकाच पावसाळ्यात! आजऱ्याकडून येताना नांगरतास धबधबा आधीच लागतो. पुढं हिरण्यकेशी नदीचा उगम, तिथल्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशामुळं २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कावळेसाद पॉइंटला तर वाऱ्यानं पाणी दरीतून उलटं वर येतं, आमच्या सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. रात्री बेडूक बघायला लोक लांबून येतात, हिरवा उडता बेडूक तिथला फेमस. हे सगळं एका दिवसात उरकायचं नसतं, म्हणून व्हॅनवाल्यांना आंबोली जास्त मानवते, एका जागी लावा आणि दोन दिवस तिथंच. फक्त जंगलात किंवा पॉइंटवर रात्री गाडी लावू नका, एखाद्या रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या आवारात विचारून लावा, पाणी आणि लाईटचं कनेक्शनही मिळतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटातल्या मेन धबधब्याजवळ एवढी गर्दी असते की लांब गाडी अडकली तर मागं घेता येत नाही पुढं काढता येत नाही, त्या दिवशी घाट सकाळी लवकर उतरा नाहीतर उतरूच नका.

आंबोलीला जाताना एक भानगड लक्षात ठेवा. कोल्हापूरहून हायवेनं निपाणीवरून आजऱ्याला गेलात तर मधला तुकडा कर्नाटकातला. स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर विषयच नाही, पण भाड्याची असेल तर ऑल इंडिया परमिट आहे का हे आधीच विचारा. नसेल तर गारगोटीवरून आजरा गाठा, रस्ता लहान आहे पण महाराष्ट्रातच राहतो. आंब्याला हा प्रश्नच येत नाही.

गाडीपुरतं बोलायचं तर दोन्हीकडं सारखंच. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. पाण्याची टाकी सोलापूरलाच फुल्ल करू नका, १०० लिटर म्हणजे १०० किलो, ते कशाला घाटभर वाहायचं, मुक्कामी भरा. गाडी चालू असताना किचनचा सिलिंडर बंद. कपाटांच्या कड्या लावा, आमची शेंगा चटणीची बरणी पहिल्याच वळणाला खाली आली आणि परत येईपर्यंत गाडीला लसणाचा वास होता.

माझं मत विचाराल तर घरात म्हातारी माणसं असतील, व्हॅनची पहिलीच वेळ असेल आणि गणपतीपुळे करायचं असेल तर आंबा. पोरांना घेऊन नुसतं निवांत पडायचं असेल तर आंबोली, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हिरवं शिल्लक असतं आणि धुकं कमी. सोलापुरातनं पहाटे ४ ला निघा, कोल्हापूरला नाष्टा करा, आंब्याला दुपारच्या जेवणाला पोचता, आंबोलीला चहाच्या वेळेपर्यंत. बुकिंग करताना मात्र तालुका विचारा, शाहूवाडी की सावंतवाडी. आम्ही आंब्याला दोन रात्री काढल्या, छान झालं, पण मेव्हणा अजून सगळ्यांना आंबोलीला जाऊन आलो म्हणूनच सांगतो.