विदर्भाच्या उन्हात कासवाचं पिल्लू

धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, काठावर पावसाळ्यात सापडलेलं कासवाचं पिल्लू घरी आणायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पूर्व विदर्भातल्या बोड्यांमध्ये आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत सर्रास दिसणाऱ्या कासवाच्या पाठीवर खवल्यांसारखे कप्पे नसतात. पाठ गुळगुळीत कातडीची, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं आणि पोटाच्या ढालीला मागे दोन कातडी झडपा. मागचे पाय आत ओढले की या झडपा मिटतात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. ते पाळणं हा गुन्हा असून शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. निरोगी पिल्लू दिसलं तर त्याला त्याच बोडीच्या काठावर राहू द्यावं. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

पाळण्यासाठी बाजारात जे हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू मिळतं, ते ‘रेड-इअर्ड स्लायडर’. मूळ ठिकाण अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. विकत घेताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं. दुकानदार सांगत नाही ती गोष्ट अशी की मादीची पाठ पुढे २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते आणि हे कासव २०-३० वर्षं सहज जगतं. तेवढी तयारी नसेल तर घेऊच नये. नंतर कंटाळून तलावात सोडणं तर फारच वाईट. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत याचं नाव आहे, युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, राखलेल्या तलावांत आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास आणि ऊन खायची जागा हे परकं कासव बळकावेल.

आता घर. काचेची शोभेची टाकी लागतेच असं नाही. ६० ते ८० लिटरचा रुंद प्लास्टिकचा टब उलट बरा पडतो. पाठीच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे साधारण ४० लिटर पाणी लागतं, असा हिशोब धरावा, म्हणजे वर्ष-दीड वर्षात सिमेंटच्या हौदाचा विचार करावाच लागतो. सुरुवातीला पाणी ८ ते १० सेंटिमीटर खोल पुरे. फार उथळही नको, कारण उलटं झालेलं पिल्लू पाण्यात लोळून सरळ होतं. त्यासाठी पाठीच्या लांबीच्या दीडपट खोली हवीच. तळाला बारीक गिट्टी टाकू नये, ती गिळली की आतडं अडतं. दगड ठेवायचेच असतील तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे.

पाण्याबाहेर चढायची जागा ही चैनीची गोष्ट नव्हे. जुन्या घरावरचं एक कवेलू घ्यावं, दगडाने घासून त्याच्या कडा गुळगुळीत कराव्यात आणि दोन विटांच्या आधाराने उतरतं ठेवावं. एक टोक पाण्यात बुडालेलं, दुसरं कोरडं. नुसती वीट खरखरीत असते, तिने पोटाची ढाल सोलते. कवेलूखाली पिल्लू अडकून राहील अशी फट मात्र ठेवायची नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, त्यामुळे पाण्याखाली अडकलं की बुडून मरतं.

पिल्लं दगावतात ती बहुधा घाण पाण्याने. त्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, डोळे चुरचुरतात, कवच सडायला लागतं. फिल्टर नसेल तर रोज किंवा दिवसाआड सगळं पाणी बदलावं. फिल्टर घ्यायचा तर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा, आणि त्याचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळावा. त्यावरचे उपयोगी जिवाणू नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरतात. नळाचं पाणी आदल्या दिवशी पसरट घमेल्यात काढून ठेवावं. विहिरीचं, बोअरचं पाणी जड असलं तरी चालतं, फक्त कवचावर पांढरे डाग पडतात. डाग कोरडा, खडूसारखा आणि बिनवासाचा असेल तर तो क्षार. खाली मऊ लागत असेल, गुलाबी दिसत असेल, वास येत असेल तर ती सड. एक धोका खास आपल्याकडचा: एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं. ते सरळ टबात ओतलं तर खेळ खलास. पिल्लासाठी पाणी २६ ते २८ अंश हवं, ३२ च्या वर जाऊ देऊ नये. चार पैसे वाचवण्यासाठी अंदाजाने हात बुडवू नका, तापमापी घ्या.

ऊन आपल्याकडे भरपूर, पण ते कसं द्यायचं हे कळलं पाहिजे. उन्हातली ‘यूव्हीबी’ किरणं, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी, कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार करतात, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. खिडकीच्या काचेतून ही किरणं जवळपास येतच नाहीत, त्यामुळे खिडकीजवळ ठेवलेली काचेची टाकी नुसती तापते. ‘सकाळचं कोवळं ऊन’ हाही अर्धा गैरसमजच. सूर्य अगदी खाली असताना यूव्हीबी फारच कमी असते. उन्हाळ्यात ८ ते ९च्या सुमारास, हिवाळ्यात ११ ते १ मध्ये २०-३० मिनिटं टब अंगणात ठेवावा. अर्ध्या टबावर गोणपाटाची सावली हवीच, कारण पिल्लाला तापल्यावर पळायला जागा लागते. वर जाळी बांधावी. कावळा आणि मांजर दोघंही टपलेले असतात. आणि तिथून हलू नये. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात छोट्या टबाचं पाणी बघता बघता चाळिशी गाठतं.

ऊन शक्य नसेल तर यूव्हीबी दिवा कवेलूच्या कोरड्या टोकावर २५-३० सेंटिमीटर उंचीवर, मध्ये काच न ठेवता लावावा. दिवा पेटत राहिला तरी वर्षभरात त्याची यूव्हीबी ओसरते, बदलावा लागतो. त्या जागी तापमान ३२ ते ३५ अंश असावं.

डिसेंबर-जानेवारीची थंडी उन्हाळ्याइतकीच घातक आहे. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की पिल्लू खात नाही, खाल्लेलं पचत नाही. पाणी उथळ असल्याने हीटर आडवा आणि पूर्ण बुडेल असा बसवावा. उघडा पडला तर काच तडकते. वीज गेली तर गरम पाण्याच्या बंद बाटल्या टबात तरंगत ठेवून वर घोंगडी टाकावी. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर टब ठेवणं हीदेखील थंडीच. ओलं अंग आणि सतत वारा, यातून न्यूमोनिया होतो.

खाद्य द्यायचं ते पाण्यातच, कारण हे कासव पाण्याबाहेर गिळू शकत नाही. कासवाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, सगळ्या मिळून त्याच्या डोक्याएवढ्या भरतील इतक्याच, रोज एकदा, वर्ष झाल्यावर दिवसाआड. सुक्या झिंग्यांवर पिल्लं तुटून पडतात, पण नुसत्या त्यांच्यावर कवच पोसत नाही. गांडूळ, काट्यासकट बारीक मासे, कधी किसलेलं गाजर किंवा तांबडा भोपळा द्यावा. भात, पोळी, दूध कधीच नाही. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून तोही टाळावा. काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन पाण्यात तरंगत ठेवलं की पिल्लू ते कुरतडतं, स्वस्तातलं कॅल्शियम. वेगळ्या घमेल्यात खाऊ घातलं तर मूळ पाणी बरंच स्वच्छ राहतं.

कासवाच्या अंगावर माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असतात, ते दिसायला ठणठणीत असलं तरी. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात साबणाने धुवावेत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू देऊ नये, टब स्वयंपाकघरात धुऊ नये. काढलेलं पाणी झाडांना घालावं, विहिरीजवळ किंवा बोडीत नको.

डोळे सुजले तर बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता. एका अंगावर कलून पोहणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. वाट न बघता दवाखाना गाठावा. कवचावर हळद-तेल चोळू नये, रंग तर नाहीच. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-बकऱ्याच येतात, म्हणून पशुवैद्यकांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. जनावरांना गोचिडासाठी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. आणि इंजेक्शन पुढच्या पायात द्यायचं असतं, कारण मागच्या अंगाचं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं आणि औषध अंगात पसरण्याआधीच काही अंशी बाहेर पडतं.