मलंगगडाची मोत्यांची चादर आणि काब्याचा काळा पडदा

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये मलंगगडावरच्या हाजी मलंगच्या दर्ग्याची एक हकीकत आहे. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतलं. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. ठाण्यासह साष्टी इंग्रजांकडेच राहिली, कल्याण मात्र मराठ्यांना परत मिळालं. ही मलंगबाबांचीच कृपा, असं लोकांच्या मनात बसलं आणि पेशव्यांतर्फे दर्ग्याला भेट पाठवायचं ठरलं. ती घेऊन निघाले कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर. मजारीवर घालायची चादर होती जरीच्या कापडाची, कडेला मोती लावलेली, चांदीच्या खांबांवर तोललेली. कल्याणहून ती वाजतगाजत गडावर नेली गेली. पुढे दर्ग्याची व्यवस्था कोणी पाहायची यावरून तंटा झाला, तेव्हा १८१७ मध्ये चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूने कौल आला, असंही तिथे नोंदवलं आहे. (जागा कोणाची, दर्गा की मच्छिंद्रनाथांची समाधी, हा वाद आजही चालू आहे. तो इथे नको.)

गंमत अशी की जरी, मोती, चांदी यांतलं काहीही इस्लामने सांगितलेलं नाही. धर्माने नेमून दिलेलं कापड अगदी साधं आहे. हजला जाणाऱ्या पुरुषाने एहराम बांधायचा, म्हणजे दोन न शिवलेली वस्त्रं, एक कमरेला आणि एक खांद्यावर. राजा असो की हमाल, फरक नाही. बायकांना नेहमीचे साधे, अंग झाकणारे कपडे चालतात. दुसरं कफन: पुरुषाला तीन वस्त्रं, बाईला पाच, शक्यतो पांढरी आणि महाग नकोत. बरेच हाजी परत आल्यावर एहराम जपून ठेवतात आणि घरच्यांना सांगून ठेवतात की मला यातच गुंडाळा. असं कोरं कापड विणणाऱ्यांचं शहर, भिवंडी, याच जिल्ह्यात आहे. उत्तरेतले मोमीन विणकर १८५७ नंतर मोठ्या संख्येने तिथे येऊन स्थिरावले. आधी हातमाग होते, नंतर पॉवरलूम आले. झगमगाट मात्र या धाग्यातून आला नाही. त्याचं मूळ शोधायला मक्केला जावं लागतं.

काब्यावर, म्हणजे मक्केतल्या पवित्र इमारतीवर, वस्त्र घालायची चाल इस्लामच्या आधीची. परंपरेनुसार येमेनच्या एका राजाने ते पहिल्यांदा घातलं. मक्का हाती आल्यावर, इसवी सन ६३० नंतर, पैगंबरांनीही येमेनी कापडच घातल्याचं सांगतात. (मलंगबाबाही येमेनहून आले अशीच श्रद्धा आहे.) खलिफा उमर यांच्या काळात इजिप्तचं पांढरं कापड येऊ लागलं. जुनं न काढता त्यावरच नवं चढवायची रीत होती. थरांवर थर साचून भिंतींना भार होईल अशी भीती वाटू लागली, तेव्हा अब्बासी खलिफा अल-महदी याने ७७७ च्या सुमारास जुने थर उतरवायला लावले. रंगही बदलत गेले, पांढरा, लाल, हिरवा. काळा कायमचा झाला तो खलिफा अन-नासिरच्या वेळी, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंत.

हा किस्वा, म्हणजे काब्यावरचं वस्त्र, कोण पाठवतो, यावरून मुसलमान जगातला थोरला राजा कोण ते ठरू लागलं. तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्सच्या काळापासून कैरोहून हजच्या काफिल्याबरोबर महमिल निघू लागलं. उंटावर सजवलेली डोली, आत माणूस कोणी नाही. सुलतान स्वतः येत नसे, त्याची शान येई. सहाशे-साडेसहाशे वर्षं हा थाट चालला. १९२६ मध्ये महमिलबरोबर आलेल्या बँडच्या वाजवण्यावरून नज्दच्या (मध्य अरबस्तानातल्या) कडव्या सैनिकांशी चकमक उडाली, गोळ्या चालल्या आणि इजिप्तने किस्वा पाठवणं थांबवलं. सौदी राजा अब्दुलअझीझने १९२७ मध्ये मक्केतच कारखाना काढला आणि त्यासाठी भारतातून विणकर आणि कारागीर नेले. याच राजवटीने वर्ष-दोन वर्षं आधी मदिनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानातले घुमट पाडले होते. कबरींना थाट नको, काब्याला हवा, असा तो हिशेब होता. इजिप्तचा किस्वा पुढे पुन्हा सुरू झाला आणि १९६२ मध्ये कायमचा बंद झाला. आता मक्केतच विणला जाणारा काळ्या रेशमाचा किस्वा दरवर्षी बदलतात. पूर्वी तो हजच्या दिवसांत, ९ जिल्हिजला बदलत. २०२२ पासून १ मोहरमला. उतरवलेल्या किस्व्याचे तुकडे पाहुण्यांना, संस्थांना दिले जातात.

कबरीवरच्या चादरीचा वाद तर त्याहून जुना. दगडमातीला कपडे घालायची आज्ञा अल्लाहने दिलेली नाही, असं पैगंबरांचं वचन त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून आलेलं आहे. प्रसंग घरातल्या पडद्याचा होता, पण विरोधक तेच पुढे करतात. उलट बाजूच्या उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, म्हणणं असं की वलीची, म्हणजे संताची, कबर ओळखू यावी, लोकांनी अदब राखावी, यासाठी चादर चालते. चादरीच्या बाजूने उभे राहणारे बरेलीचे धर्मपंडित अहमद रझा खान यांनीही एक अट घातली: कबरीवरची चादर जुनी किंवा खराब झाल्याशिवाय दुसरी चढवू नये, तो पैसा गरजूला द्यावा. उरुसाच्या रात्री चढणाऱ्या चादरी पाहिल्या तर ही अट फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. चार जण चार कोपरे धरतात, मधल्या झोळीत नोटा पडतात, पुढे डफ, मागे संदलचं, म्हणजे चंदनाच्या लेपाचं, तबक.

किस्व्यावरची अक्षरं आणि आपल्याकडचं जरदोजी काम, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेचं भरतकाम, यांची रीत बरीचशी एकच. आपल्याकडे आधी अक्षराचा खाका कागदावर टोचून घ्यायचा आणि त्या भोकांतून भुकटीने तो कापडावर उतरवायचा. कापड चौकटीवर, म्हणजे कारागिरांच्या बोलीत अड्ड्यावर, ढोलाच्या कातड्यासारखं ताणायचं. अक्षर उठून दिसायला आधी सुती दोऱ्याचा भराव करतात आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार आडवी टाकत नेतात. आपल्या अड्ड्यावर आरी, म्हणजे आकडीची सुई, चालते: एक हात वर सुई खुपसतो, दुसरा कापडाखालून दोरा पुरवतो, आणि नजर फक्त वरच्या हाताला लागते. सलमा म्हणजे तारेची बारीक स्प्रिंग. ती कातरीने इंचभरही नाही इतकी कापून, मण्यासारखी सुईत ओवून टाचतात.

खरी जरी चांदीची. तिच्या जागी आधी तांब्याची आली, मग चकाकी दिलेली प्लास्टिकची. मुंब्र्यात किंवा ठाण्याच्या राबोडीत नवसाची चादर घ्यायला गेलात तर बहुतेक साटीनची मिळेल. कलमा छापलेला असतो आणि झालर मशीनवर लावलेली. मखमलीवर हाताने काम हवं असेल तर ऑर्डर द्यावी लागते, आणि ती घेणाऱ्या कारागिराचं पोट एरवी चालतं लग्नाच्या घागऱ्यांवर.