भोकाचा पैसा, जस्ताची वडी आणि गोडं पाणी

"मामा, आता गंजाचं टेन्शन संपलं. पवनेचं पाणी गोडं आहे."

भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी अलिबागकडून एक जुनी मोटरबोट आणली आहे. फायबरची, पंधरा-सोळा फुटी, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. सध्या ती धायरीतल्या एका शेडमध्ये ट्रॉलीवर उभी आहे. डागडुजी झाली की पवना धरणाच्या बॅकवॉटरला जाणार. मी धातुशास्त्र शिकलेला, त्यात पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर वल्ही मारलेला, म्हणून बघायला बोलावलं होतं. वरचं वाक्य ऐकलं आणि माझं व्याख्यान तिथेच सुरू झालं. थोड्या वेळाने दोघे मित्र चहाच्या निमित्ताने सटकले. त्यांच्या वाटचं इथे लिहितो.

आधी जे सगळेच सांगतात ते उरकून टाकू. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं, तिला ट्रान्सम म्हणतात. जुन्या फायबर बोटींत तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि ते आतून कुजतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करत जा, टणक आवाज जाऊन भद्द आवाज आला की तिथे प्लायवूड गेलं. पेट्रोलच्या जुन्या नळ्या न बघता बदला. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं की पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनला पेट्रोल नेणारी नळीही तळातूनच ओढते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाला साचते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी वास घ्या. नोंदणी, परवानग्या, लाइफ जॅकेट यांत पळवाट शोधू नका. झालं.

आता गंज. गोडं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, समुद्राचं पाणी ती त्याच्या शेकडो पट चांगली नेतं, त्यामुळे भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात बोट बुडते.

घरातला प्रयोग सांगतो. स्टीलच्या वाडग्यात टोमॅटोचं सार ठेवा आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल अशी दाबा की ती साराला आणि वाडग्याच्या काठाला, दोन्हीला टेकेल. सकाळी फॉइलला जिथे सार लागलं तिथे भोकं दिसतील. तुम्ही नकळत बॅटरी बनवलीत. तिला तीन गोष्टी लागतात: दोन वेगळे धातू, दोघांना भिजवणारं क्षाराचं किंवा आंबट पाणी, आणि त्या धातूंचा एकमेकांना थेट स्पर्श.

घडतं ते असं. प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन सोडायची तयारी वेगळी असते. जो सैल हाताचा, त्याचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होतात आणि पाण्यात उतरतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूच्या स्पर्शातून दुसऱ्या, घट्ट मुठीच्या धातूकडे पळतात. तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांची वाटच बघत असतो. तो ते घेतो आणि पाण्याच्या मदतीने हायड्रॉक्साइड बनवतो. धातूतून इलेक्ट्रॉन, पाण्यातून आयन, असं चक्र पूर्ण होतं. खर्च सगळा पहिल्या धातूचा. दुसऱ्याच्या अंगाला ओरखडाही येत नाही.

कोणाचा हात किती सैल, हे मोजता येतं. समुद्राच्या पाण्यात चांदीच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी ताडून पाहिलं तर मॅग्नेशियम उणे १.६ व्होल्टच्या आसपास, जस्त उणे १.०३, बोटीच्या इंजिनातलं ॲल्युमिनियम साधारण उणे ०.७५, ब्राँझ उणे ०.३, आणि चांगलं स्टेनलेस त्याच्याही वर. आकडा जितका खाली, तितका तो धातू आधी विरघळणार. भाच्याच्या इंजिनाचा पाण्यातला भाग ॲल्युमिनियमचा, पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा स्टेनलेसचा. म्हणजे बॅटरी कारखान्यातूनच बसवून आलेली.

हे ज्ञान आरमाराला फार महागात पडून मिळालं. लाकडी जहाजांना समुद्री किडा पोखरायचा, म्हणून १७६१ साली ब्रिटिशांनी 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, तेही लोखंडी खिळ्यांनी. १७६३ साली तळ तपासला तर खिळ्यांचा नुसता लगदा. मोठ्ठा तांब्याचा पत्रा आणि चिमूटभर लोखंड, त्यामुळे सगळ्या तांब्याची भूक खिळ्यांवर पडली होती. पण काही खिळे ठणठणीत निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या जागी चुकून तसाच राहिला होता. धातूला धातू टेकला नाही, चक्र तुटलं. व्होल्टाची पहिली बॅटरी यायला अजून ३७ वर्षं होती, तरी उत्तर त्या कागदावर होतं.

१८२४ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हेच उलटं वापरलं. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबं अगदी शाबूत राहिलं. आणि पंचाईत झाली: तांबं विरघळेना, म्हणून त्याचं विष पाण्यात उतरेना, म्हणून तळावर शेवाळ आणि शिंपले माजले, जहाजं मंदावली. तुकडे काढून टाकावे लागले. विज्ञानात इतकं नेमकं यश येऊन इतकं तोंडावर पडणं मला फार आवडतं.

युक्ती मात्र टिकली. कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बोटींच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या दिसतील. तुमच्या साठवणीच्या गिझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते, तीही हेच काम करते. बोअर-टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत ती लवकर संपते, कारण क्षार जास्त.

थोडं गणित. फॅरेडेच्या नियमाने (किती वीज वाहिली की किती धातू विरघळतो, याचा नियम) १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर १०.७ किलो जस्त विरघळतं, किंवा २.९ किलो ॲल्युमिनियम. बोटीत प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो. १० मिलिअँपिअर धरा: वर्षाला १०७ ग्रॅम जस्त. जस्ताची वडी नसेल तर २९ ग्रॅम ॲल्युमिनियम, आणि तेही सगळीकडून सारखं नाही, तर गिअरच्या डब्याला एकाच जागी खड्डा पाडून. इथवर ज्यांनी वाचलं त्यांना एक शंका यायला हवी. पुस्तकात ॲल्युमिनियमचं प्रमाण विभव (म्हणजे हात किती सैल, याचा पुस्तकी आकडा) उणे १.६६ व्होल्ट दिलेलं असतं, जस्ताचं फक्त उणे ०.७६. मग जस्त ॲल्युमिनियमला कसं वाचवेल? कारण ॲल्युमिनियम स्वतःभोवती ऑक्साइडचं पातळ चिलखत घालून बसतं. ॲल्युमिनियममध्ये अगदी थोडं इंडियम हा धातू मिसळून त्या चिलखतात खोट पाडली की ॲल्युमिनियमचीच वडी जस्तापेक्षा सैल हाताची होते. अशा वड्या मिळतात.

आता गोड्या पाण्याचा सापळा. जस्ताच्या वडीवर गोड्या पाण्यात हळूहळू कडक पांढरी खपली धरते आणि वडी गप्प होते. बाहेरून अगदी भरलेली, न झिजलेली, मालक खूश. प्रत्यक्षात आत ॲल्युमिनियम झिजायला लागलेलं असतं. शिवाय पाणी वीज कमी नेतं, म्हणून जोर जास्त लागतो. धरणात मॅग्नेशियम लावा. पण मॅग्नेशियमची वडी लावलेली बोट हौसेने अलिबागला नेऊ नका. तिथे ते काही आठवड्यांत संपेल आणि संपता-संपता इतकं अल्कली तयार करेल की रंग फुगेल. ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही, सोडा घातलेलं जर्मनचं पातेलं काळं पडतं तसं. दोन्हीकडे फिरवायची असेल तर इंडियमवाली वडी बरी.

मग आम्ही वडी शोधली. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली, माशाच्या शेपटीसारखी. भाच्याने तिला दोन हात चंदेरी ऑइलपेंट मारला होता. "चांगली दिसत नव्हती ना." रंगाखाली वडी म्हणजे कागदात गुंडाळलेला खिळा! मल्टिमीटरचं एक टोक वडीला, एक इंजिनाच्या उघड्या धातूला लावलं, काटा ढिम्म. रंग खरवडला, बोल्ट काढून बैठक घासली, परत लावली: अर्ध्या ओहमच्याही खाली. एक ओहमपेक्षा जास्त आलं तर परत घासायचं. वडी अर्धी झिजली की बदलायची, संपायची वाट बघायची नाही.

त्याच वेळी इंजिनाच्या ब्रॅकेटच्या एका बोल्टाखाली हिरवट काहीतरी दिसलं. वॉशर म्हणून घातलेला भोकाचा पैसा, १९४४ चा, ब्राँझचा. आधीच्या मालकाने नजर लागू नये म्हणून घातला होता, असं विकताना आवर्जून सांगितलं होतं म्हणे. पैशाभोवती बोटभर जागेत ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी आणि करंगळीचं नख रुतेल असे खड्डे. खाऱ्या हवेचा ओलावा पातळ असतो, प्रवाह लांब जात नाही, म्हणून सगळा मार सांध्यालगत बसतो. ब्राँझ आणि ॲल्युमिनियम यांच्यात ०.४५ व्होल्टचा फरक असताना ज्या कोणाची नजर लागली, ती त्या पैशाचीच. शेजारी लटकवलेल्या लिंबाबद्दल मी काही बोललो नाही. बॅटरीला लागणारा आंबट रस तेवढा कमी होता.

बोल्टाखाली आता नायलॉनचा वॉशर आहे. पैसा भाच्याने ताईला दिला, तिने तो देव्हाऱ्यात ठेवलाय. ठेव म्हटलं, फक्त ताम्हनात ठेव, ॲल्युमिनियमच्या ताटलीत नको.