काटा खाली राहतो: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय की सेन्सर खोटं सांगतोय?

इंजिन तापलं तर काय बघायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी, पंखा, रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅसकेट. चोर्ल्याच्या चढाला बॉनेट उघडून उभा असलेला कुणीही ही यादी घडाघडा म्हणून दाखवील. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली राहिला की मात्र कुणालाच काळजी वाटत नाही. उलट ‘गाडी थंडगार पळते’ म्हणून कौतुक होतं. महिन्या-दोन महिन्यांनी अ‍ॅव्हरेज पडलं की गाडी गॅरेजला जाते आणि तिथे छापा-काटा केल्यासारखं एक तर पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बदलतात, नाही तर थर्मोस्टॅट. या दोन वस्तूंची कामं अगदी वेगळी आहेत आणि कुठली बिघडली हे पाना हातात न घेताही बहुतेक वेळा कळतं.

थर्मोस्टॅट ही झडप आहे. तिच्या पोटात मेण असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास, ते वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. झडप उघडी अडकली तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरला जातं आणि इंजिन खरोखरच थंड राहतं. सेन्सर काहीच गरम-थंड करत नाही, तो फक्त बातमी देतो. थंडीत त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. म्हणून त्याची वायर तुटली की काँप्युटरला तो रोध अफाट वाटतो आणि इंजिन उणे ४० अंशांवर आहे असं समजतं. इंजिन कढत असतं, काटा मात्र तळाशी. दोन्ही दुखण्यांत ड्रायव्हरला दिसतं ते एकच, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

माझं सांगणं एकच आहे: सेन्सरला घाट कळत नाही. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला जा. काटा चढाला बऱ्यापैकी वर येतो, चोर्ल्याहून केरीकडे उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की खाली घसरतो आणि साखळीच्या बाजारात गाडी रांगत चालली की परत चढतो, असं होत असेल तर दोष थर्मोस्टॅटचा. इंजिनावर ताण किती आणि समोरून वारा किती, त्याप्रमाणे पाण्याचं तापमान हलतंय, म्हणजे त्याला आवर घालणारी झडप कामातून गेली आहे. पण भरल्या गाडीने चढ चढतानाही काटा तळाशीच पडून असेल, किंवा खड्ड्यात चाक आदळल्यावर एकदम उडी मारत असेल, तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर बघा. पाणी असं एका क्षणात तापत नाही. एवढंच, की त्याआधी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघून घ्या. सेन्सर पाण्याबाहेर हवेत राहिला तर तोही भलतंच सांगतो.

घाट उतरायचा नसेल तर दारात करून बघा. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. पंख्यापासून बोटं लांब ठेवा, इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो. झडप चांगली असेल तर बराच वेळ पाइप गार राहतो आणि मग थोड्या वेळात चांगलाच गरम होतो. उघडी अडकली असेल तर इंजिनाबरोबर तोही सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे खालचा पाइप चाचपायचा.

माझ्या पिकअपचा सेन्सर एका गॅरेजने दोनदा बदलला. काटा होता तिथेच. शेवटी खानापुरातल्या डिसेंबरच्या एका सकाळी मी स्वतः पाइप धरून उभा राहिलो. दोन मिनिटांत हाताला ऊब लागली. सेन्सर बिचारा दोन्ही वेळा खरंच सांगत होता.

गाडीच्या काँप्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर असेल तर पहाटेच, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत. हवा १६ आणि कूलंट उणे ४० दिसलं तर वायर तपासा. पी ०१२८ हा बिघाडाचा कोड एवढंच सांगतो की इंजिन वेळेत तापलं नाही. तो वाचून थेट सेन्सर मागवणाऱ्यांचा मला फार राग येतो. सेन्सरच्या सर्किटचा कोड वेगळा आहे, पी ०११८.

पंखा सतत फिरतो म्हणून इंजिन थंड राहतं, हेही ऐकायला मिळतं. झडप धड असेल तर ती पाणी अडवते, मग पंखा कितीही फिरो. उलट सेन्सर गेला की बऱ्याच गाड्यांत काँप्युटर सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो. म्हणजे तो पंखा दुखण्याची खूण आहे, कारण नव्हे.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘कशाला पाहिजे ओ तो? काढून टाकूया.’ थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायमचं अर्धवट तापलेलं राहतं. डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये साचलेलं पाणी उडून जात नाही, सिलिंडर लवकर झिजतात. बीएस ६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर साफ होण्याची क्रियाही अडते. शिवाय काही इंजिनांत झडप काढली की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट उघडीच राहते आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. आपल्याकडे हीटर कोण लावतो? म्हणून हीटरची हवा कोमट येते, ही खूणही कुणाच्या लक्षात येत नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासा. दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. म्हणून ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडला नाही तर दुकानदाराशी भांडू नका. बसवताना छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, गॅसकेट नवं घाला आणि कूलंट भरल्यावर हवा काढायला विसरू नका. आत अडकलेल्या हवेने काटा पुन्हा भलतंच दाखवेल आणि तुम्ही परत सेन्सरच्या मागे लागाल.