क्लासिकल ख्रिश्चन शाळा म्हणजे कॉन्व्हेंट नव्हे

अमेरिकेत शाळा शोधणाऱ्या मराठी आईबाबांना यादीत कुठेतरी ‘क्लासिकल ख्रिश्चन अकॅडमी’ असं नाव दिसतं आणि पटकन मनात येतं, म्हणजे आपलं कॉन्व्हेंटच की! गणवेश, प्रार्थना, शिस्त. एवढं दोन्हीकडे सापडतं, हे खरं. पण साम्य जवळजवळ तिथेच संपतं.

आपल्याकडची कॉन्व्हेंट शाळा चर्च किंवा एखादा धर्मसंघ चालवतो, पण शिकवायचं काय ते बोर्ड ठरवतं. एसएससीची शाळा असेल तर दहावीचा भूगोल शेजारच्या विद्यालयात असतो तोच. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, बाकीची मॉरल सायन्सला. धर्म वेळापत्रकातल्या एका तासात मावतो.

क्लासिकल ख्रिश्चन शाळेत तो सगळ्या विषयांत मुरलेला असतो. ही चळवळ तशी अलीकडची. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी एक भाषण केलं. मध्ययुगातलं व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे त्रिकूट, म्हणजे ‘ट्रिव्हियम’, मुलांच्या वाढीशी नेमकं जुळतं, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलाला पाठांतर आवडतं, तेव्हा करून घ्या. मधल्या वयात ते उलट उत्तरं देतं, तेव्हा तर्क शिकवा. पुढे त्याला स्वतःचं काही म्हणायचं असतं, तेव्हा मांडायचं कसं ते शिकवा. याच कल्पनेवर १९८१ मध्ये आयडाहोतल्या मॉस्को गावी लोगोस स्कूल निघाली आणि मग तशा शाळा देशभर झाल्या.

अशा शाळेच्या तिसरी-चौथीच्या वर्गात लॅटिन क्रियापदाची रूपं, ‘आमो, आमास, आमात’, एका सुरात चाललेली असतात. ज्यांनी ‘रामः रामौ रामाः’ घोकलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. सातवी-आठवीत तर्कदोष नावानिशी येतात. मुद्दा सोडून माणसावर घसरणं कुठे झालं, हे पोरं जाहिरातीत नि पुढाऱ्यांच्या भाषणांत हुडकतात. (घरात ते महागात पडतं, हा भाग वेगळा.) शेवटच्या वर्षी बऱ्याच शाळांत प्रबंध लिहून परीक्षकांसमोर त्याची बाजू लढवावी लागते.

पण चर्चला मानणाऱ्या शाळेत ग्रीक होमर आणि रोमन व्हर्जिल हे ख्रिस्तपूर्व कवी कशाला? अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे ग्रीक विद्येचा ख्रिस्ती श्रद्धेशी काय संबंध, असं तेर्तुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने फार पूर्वीच विचारून ठेवलं होतं. पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनचं मत वेगळं होतं: इजिप्त सोडताना इस्राएली लोकांनी तिथलं सोनं बरोबर आणलं, तसं परक्यांकडचं जे खरं असेल ते घ्यावं. ३६२ साली रोमन सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना हे अभिजात साहित्य शिकवायची बंदी केली, तेव्हा नाझिआन्झसचा ग्रेगरी हा ख्रिस्ती धर्मपंडित खवळला. हे साहित्य आमचंही आहे, हा त्याचा दावा. मला या शिक्षणाची खरी किंमत इथे दिसते. आपला देव न मानणाऱ्या कवीलाही मन लावून वाचायचं, ही सवय. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ख्रिस्ताची कथा सांगायला आपली ओवी उचलतो आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेतो, तेव्हा तीच वृत्ती काम करत असावी असं मला वाटतं.

प्रत्यक्षात मात्र यातल्या अनेक शाळांची वाचनयादी युरोप-अमेरिकेच्या बाहेर फारशी पडत नाही, हे खटकतं. शिवाय काही शाळा पालकांकडून ख्रिस्ती श्रद्धेची तत्त्वं मांडणाऱ्या निवेदनावर सही मागतात, तर काहींना आईवडिलांपैकी निदान एक जण ख्रिस्ती लागतो. अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या.

लॅटिन आणि तर्क हवा पण धर्म नको, अशांसाठी क्लासिकल चार्टर शाळा आहेत. अ‍ॅरिझोनातल्या ग्रेट हार्ट्सच्या शाळा या प्रकारच्या. त्या सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे फी नाही आणि धर्मशिक्षणही नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की प्रवेश लॉटरीने.